द्विरर्बुद आणि साध्यासाध्यता : थायरॉईडच्या मिश्र कर्करोगासंबंधी

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन करताना दोन संज्ञा दिल्या आहेत. पूर्वी झालेल्या अर्बुदावर दुसरे अर्बुद उत्पन्न झाल्यास ते अध्यर्बुद. दोन अर्बुदे जोडीने, एकाच वेळी अथवा एकामागून एक, उत्पन्न झाल्यास ते द्विरर्बुद. द्विरर्बुदास त्यांनी असाध्य म्हटले आहे. पदवी परीक्षेपुरते एवढे पाठ करून आपण पुढे जातो. परंतु आता थायरॉईडच्या शस्त्रकर्मानंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी अहवाल हाती घेऊन रुग्ण आपल्याकडे येतात, आणि क्वचित एखाद्या अहवालात एकाच ग्रंथीतील दोन निरनिराळ्या जातींचे कर्करोग नोंदलेले असतात. नातेवाईकांचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, एक नाही, दोन कॅन्सर निघालेत. आता किती दिवस?"

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि आमच्या मते दोन्ही घातक आहेत. द्विरर्बुद आठवून मनात 'असाध्य' ठरवणे हे एक. 'थायरॉईडचा कॅन्सर सगळ्यांत सौम्य, काळजी करू नका' असे सांगून पाठवणे हे दुसरे. पहिल्याने रुग्ण पुढील उपचार सोडून देतो. दुसऱ्याने तो पाठपुरावा सोडून देतो, आणि काही वेळा त्याच्या मुलांचेही नुकसान होते. ते कसे, हे पुढे येईलच. प्रस्तुत लेखात मिश्र थायरॉईड कर्करोगाची साध्यासाध्यता कशावर ठरते, याचा विचार केला आहे.

ग्रंथी एक, पेशी दोन प्रकारच्या

थायरॉईडमध्ये मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. बहुसंख्य पेशी फॉलिक्युलर. त्या आयोडीन शोषून घेतात, थायरोग्लोब्युलिन तयार करतात आणि टीएसएच या संप्रेरकाच्या आज्ञेत राहतात. दुसऱ्या 'सी' पेशी. त्या संख्येने थोड्या असून दोन्ही खंडांच्या वरच्या व मधल्या तृतीयांशाच्या सीमेवर विशेषत्वाने आढळतात. त्या कॅल्सिटोनिन स्रवतात. आयोडीनशी त्यांचा संबंध नाही आणि टीएसएचचे त्या ऐकत नाहीत. या पेशी गर्भावस्थेतील चेतानलिकेच्या काठावरून येतात असे आपण सर्वांनी शिकलो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्या आद्यांत्राच्या अंतःस्तरातून येतात असे दाखविले. पाठ्यपुस्तके बदलण्यास वेळ लागतो, म्हणून हा उल्लेख.

फॉलिक्युलर पेशींपासून पॅपिलरी, फॉलिक्युलर, अल्पविभेदित आणि ॲनाप्लास्टिक हे कर्करोग होतात. 'सी' पेशींपासून होतो तो मेड्युलरी. अमेरिकेतील हॅझर्ड, हॉक व क्राइल यांनी १९५९ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन केले. थायरॉईडच्या कर्करोगांत पॅपिलरी सुमारे ८० ते ८५ टक्के असतो. मेड्युलरीचे प्रमाण निरनिराळ्या नोंदींत १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान दिलेले आढळते. ॲनाप्लास्टिक त्याहूनही विरळ.

दोन्ही पेशीकुळांचे कर्करोग एकाच रुग्णात एकाच वेळी आढळणे दुर्मिळ, आणि ते एकाच गाठीत एकमेकांत मिसळलेले आढळणे अतिदुर्मिळ आहे. पूर्वी अशा गाठींना निरनिराळी नावे होती. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 'मेड्युलरी व फॉलिक्युलर पेशीजन्य मिश्र कर्करोग' असा स्वतंत्र गट ठेवला आहे.

'दोन' हा शब्द तीन अर्थांनी

अहवालात दोन नावे दिसली की प्रथम पाहावयाचे ते हे की, ती दोन कोठे आहेत. पहिला प्रकार असा की उजव्या खंडात मेड्युलरीची गाठ आणि डाव्या खंडात पॅपिलरीचा चार-पाच मिलिमीटरचा ठिपका, मध्ये निरोगी ग्रंथी. ही दोन वेगळी अर्बुदे एकाच घरात राहणाऱ्या दोन भाडेकरूंसारखी. प्रत्यक्षात हाच प्रकार अधिक आढळतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही गाठी वाढत वाढत एकमेकींना भिडतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली सीमा ओळखू येते. तिसरा खरा मिश्र प्रकार, ज्यात दोन्ही जातींच्या पेशी एकाच गाठीत सरमिसळ झालेल्या असतात. तेथे थायरोग्लोब्युलिन व कॅल्सिटोनिन या दोहोंसाठी विशेष रंजनपरीक्षा केल्याशिवाय निदान पक्के होत नाही.

मिश्र गाठ मुळात का होते, याबद्दल मतभेद आहेत. एकाच मूळपेशीतून दोन्ही कुळे निघाली असे एक मत. दुसरे मत असे की मेड्युलरी वाढताना निरोगी फॉलिकल्स तिच्यात वेढल्या जातात आणि ओलीस राहिल्याप्रमाणे तेथेच पुढे बिघडतात. निव्वळ योगायोगाचे मतही टाकाऊ नाही, विशेषतः पहिल्या प्रकाराबाबत. अन्य कारणांनी काढलेल्या किंवा मृत्यूनंतर तपासलेल्या थायरॉईड ग्रंथी बारीक चकत्या करून पाहिल्या, तर अतिसूक्ष्म पॅपिलरी ठिपके पुष्कळ लोकांत सापडतात. त्यांपैकी बहुतेकांना त्या ठिपक्याने आयुष्यात कधी त्रास दिलेला नसतो. मेड्युलरीच्या रुग्णाची ग्रंथी काळजीपूर्वक तपासली जाते, म्हणून तो ठिपका दिसतो, इतकेच.

साध्यासाध्यता संख्येवर नाही

या लेखातील मुख्य मुद्दा येथे आहे. दोन कर्करोग आहेत म्हणून रोग दुप्पट वाईट, असे गणित येथे लागू पडत नाही. दोहोंपैकी जो अधिक क्रूर, तोच सामान्यतः आयुर्मर्यादा ठरवितो. दुसरा बहुधा त्याच्या सावलीत राहतो.

पॅपिलरी मर्यादित असेल तर दहा वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. मेड्युलरी ग्रंथीतच मर्यादित असेल तर हे प्रमाण सुमारे ९५ टक्के, मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली असेल तर सुमारे ७५ टक्के, आणि यकृत, फुप्फुस, अस्थी यांत पसरली असेल तर सुमारे ४० टक्के किंवा त्याहून कमी. म्हणजे चार मिलिमीटरचा पॅपिलरी आणि अडीच सेंटिमीटरची मेड्युलरी एकत्र असल्यास रुग्णाचे भवितव्य मेड्युलरीच्या अवस्थेप्रमाणे सांगावयाचे. पॅपिलरीचा उल्लेख त्यात फारसा भर घालीत नाही. उलट तीन सेंटिमीटरचा, लसिकाग्रंथींत गेलेला पॅपिलरी असून सोबत मेड्युलरीचा सूक्ष्म, मर्यादित ठिपका असेल, तर पारडे दुसरीकडे झुकते. परंतु तो सूक्ष्म ठिपकाही दुर्लक्षिण्याजोगा नाही, हे कुटुंबाच्या परिच्छेदात येईल.

अवस्थानिर्णयात एक गंमत आहे आणि ती प्रत्येक वैद्याने समजून घ्यावी. अमेरिकेतील संयुक्त समितीच्या आठव्या आवृत्तीच्या निकषांप्रमाणे विभेदित कर्करोगात, म्हणजे पॅपिलरी व फॉलिक्युलरमध्ये, वयाची ५५ वर्षे ही सीमारेषा आहे. चाळीस वर्षांच्या रुग्णाच्या मानेच्या बाजूच्या लसिकाग्रंथींत पॅपिलरी सापडला, दूरस्थ प्रसार नसला, तर अवस्था पहिलीच राहते. मेड्युलरीला वयाची ही सवलत नाही. त्याच चाळीस वर्षांच्या रुग्णाच्या त्याच लसिकाग्रंथीत मेड्युलरी सापडली तर अवस्था चौथी 'अ' होते. मान तीच, गाठ तीच, वय तेच. भेद फक्त आत कोणत्या पेशी आहेत याचा. म्हणून मिश्र कर्करोगाच्या अहवालात 'लसिकाग्रंथी बाधित' एवढेच वाचून थांबू नये. कोणत्या घटकाने बाधित, हे लिहिलेले आहे का ते पाहावे. खऱ्या मिश्र प्रकारात एकाच लसिकाग्रंथीत दोन्ही घटक आढळू शकतात. ही नोंद नसेल तर रुग्णास त्याच्या शल्यतज्ज्ञाकडे पाठवून विचारावयास सांगावे. स्लाइड व मेणातील ठोकळे प्रयोगशाळेत जपून ठेवलेले असतात, त्यांची फेरतपासणी मागता येते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि परळ येथेच १९६३ पासून कार्यरत असलेले विकिरण वैद्यक केंद्र ही नावे महाराष्ट्रातील रुग्णांना ठाऊक असतात. अशा दुर्मिळ निदानात तेथे जाण्याचा सल्ला देण्यात वैद्याचा कमीपणा नाही.

शस्त्रकर्मापूर्वी सुईने काढलेल्या पेशींच्या परीक्षेत बहुधा एकच घटक दिसतो, कारण सुई एकाच जागी शिरते. आधीच्या कागदावर 'पॅपिलरी' आणि नंतरच्या कागदावर 'मेड्युलरी व पॅपिलरी' असे पाहून रुग्ण चिडतो. 'तिथे काहीतरी गोंधळ आहे' अशी पुस्ती आपण जोडू नये.

दोन घटक, दोन मापदंड

पाठपुराव्यातही संख्येपेक्षा जात महत्त्वाची. फॉलिक्युलर कुळाच्या घटकासाठी रक्तातील थायरोग्लोब्युलिन आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे पाहतात. मेड्युलरीसाठी कॅल्सिटोनिन व सीईए. मिश्र रुग्णात चारही हवीत. केवळ थायरोग्लोब्युलिन शून्यवत आले म्हणून 'सर्व ठीक' म्हणणे म्हणजे घराच्या एकाच दाराला कुलूप लावण्यासारखे होय. किरणोत्सारी आयोडीनचा उपयोगही फक्त आयोडीन शोषणाऱ्या घटकापुरता असतो, मेड्युलरीवर तो निरुपयोगी आहे. टीएसएच दाबून ठेवण्याचा हेतूही पॅपिलरी घटकासाठीच. केवळ मेड्युलरी असेल तर थायरॉक्सिन फक्त उणीव भरण्यापुरते देतात.

कॅल्सिटोनिनचा एक आकडा फारसे सांगत नाही. त्याची चाल सांगते. ते दुप्पट होण्यास किती काळ लागतो, हा मेड्युलरीतील अत्यंत बोलका निकष आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील ६५ रुग्णांच्या अभ्यासात हा काळ सहा महिन्यांहून कमी असलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांशच पाच वर्षे जगले, तर तो दोन वर्षांहून अधिक असलेले सर्व रुग्ण अभ्यासाच्या शेवटी हयात होते. आजार शरीरात आहे, रक्तात दिसतो आहे, तरी माणूस वर्षानुवर्षे शेती करतो, नोकरी करतो. आपल्या शास्त्रात याला नेमका शब्द आहे : याप्य. 'बरा' आणि 'असाध्य' या दोन खणांत आजार कोंबण्याची सवय सोडल्यास चरकाचार्यांच्या महाचतुष्पाद अध्यायातील सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय हे चार खण येथे आश्चर्यकारक उपयोगी पडतात. ग्रंथीत मर्यादित दोन्ही घटक पूर्ण निघाले असतील तर रोग साध्याकडे झुकतो. लसिकाग्रंथींपर्यंत गेलेली मेड्युलरी कृच्छ्रसाध्य. हळू चढणारे कॅल्सिटोनिन याप्य. ही मांडणी आमची आहे, संहितेची नव्हे.

ॲसिडिटीसाठी दीर्घकाळ घेतलेल्या ओमेप्राझोलसारख्या औषधांनीही कॅल्सिटोनिन किंचित वाढलेले दिसू शकते. म्हणून आकडा पाहून घाबरण्यापूर्वी रुग्णाची औषधांची पिशवी पाहावी.

एक विशेष सूचना. मेड्युलरी वाढली असता काही रुग्णांना पाण्यासारखे वारंवार जुलाब होतात, तोंड लाल होते. असा रुग्ण ग्रहणी म्हणून आपल्याकडे येतो आणि कुटजाचे कल्प महिनोन्महिने घेत राहतो. ज्याच्या इतिहासात थायरॉईडचे शस्त्रकर्म आहे किंवा मानेत गाठ आहे, त्याच्या न थांबणाऱ्या अतिसारात कॅल्सिटोनिन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कुटुंबाचा प्रश्न

मेड्युलरीपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत हा आजार आनुवंशिक असतो. 'रेट' नावाच्या जनुकातील दोष त्यास कारण होतो, हे १९९३ पासून ज्ञात आहे. दोष असलेल्या पालकाच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. घरात पूर्वी कोणालाही आजार नसला तरी काही रुग्णांत हा दोष सापडतोच, म्हणून मेड्युलरीच्या प्रत्येक रुग्णाची जनुकपरीक्षा करावी असा संकेत आहे. दोषाच्या काही प्रकारांत मुलाची थायरॉईड वयाच्या पाचव्या वर्षापूर्वी, तर सर्वांत उग्र प्रकारात पहिल्या वर्षातच काढण्याची शिफारस केली जाते, कारण कर्करोग होण्याआधी ग्रंथी काढली तर मूल वाचते. अशा कुटुंबांत अधिवृक्क ग्रंथीचे अर्बुदही होऊ शकते. ते न ओळखता शस्त्रकर्म केल्यास रक्तदाब भूल दिलेल्या अवस्थेत जीवघेणा चढतो.

आता मिश्र अहवालाकडे पुन्हा पाहू. 'पॅपिलरी तीन सेंटिमीटर' असे ठळक आणि खाली 'तसेच मेड्युलरीचा तीन मिलिमीटर केंद्रबिंदू' असे बारीक लिहिलेले असते. वाचणारा वरची ओळ वाचतो, रुग्णास धीर देतो आणि कागद परत करतो. रुग्णाच्या स्वतःच्या साध्यासाध्यतेत त्या तीन मिलिमीटरने कदाचित काही फरक पडणार नाही. पण तिच्या आठ वर्षांच्या मुलाचे भवितव्य त्याच ओळीत दडलेले असू शकते. गावातील घरोब्याचा वैद्य आजी, आई आणि नातू अशा तिन्ही पिढ्या ओळखतो. शहरातील तज्ज्ञाला हे सहज शक्य नसते. कोणाच्या मानेत गाठ होती, कोण तरुणपणी रक्तदाबाने अचानक गेले, ही माहिती आपल्या दप्तरात असते. ती लिहून रुग्णाच्या हाती द्यावी.

जेथे आशा खरोखर अल्प

वरील सर्व विवेचनास एक अपवाद आहे. जुन्या पॅपिलरी वा फॉलिक्युलर गाठीत ॲनाप्लास्टिक घटक उत्पन्न होणे, हा दोन जाती एकत्र येण्याचा निराळा मार्ग. येथे दोन कुळे नसून एकाच कुळाचा ऱ्हास असतो. संहितेतील अध्यर्बुदाची कल्पना याला अधिक जवळची वाटते. वर्षानुवर्षे स्वस्थ असलेला गलगंड वृद्ध रुग्णात दोन-चार आठवड्यांत झपाट्याने वाढतो, दगडासारखा कठीण होतो, आवाज बसतो, गिळताना व श्वास घेताना कष्ट होतात. पूर्ण ॲनाप्लास्टिकमध्ये मध्यम आयुर्मर्यादा काही महिन्यांचीच, आणि वर्षभर जगणारे साधारण पाचात एक. निकषांत त्याची प्रत्येक अवस्था चौथीच मानतात. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काढलेल्या पॅपिलरी गाठीत ॲनाप्लास्टिकचा केवळ लहान केंद्रबिंदू आढळला तर भवितव्य तुलनेने बरे असते. आणि 'बीराफ' जनुकाचा विशिष्ट दोष असल्यास डाब्राफेनिब व ट्रामेटिनिब या जोडऔषधांस २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. म्हणून येथेही दिवस न घालवता पाठवणे हेच कर्तव्य. एक आठवडा लेप लावून पाहू, असे म्हणण्याची ही जागा नव्हे.

गलगंडाच्या असाध्य लक्षणांत सुश्रुताचार्यांनी कष्टाने होणारा श्वास, भिन्नस्वर, क्षीणता, अरुची आणि वर्षाहून अधिक काळ ही लक्षणे दिली आहेत. स्वरयंत्राच्या नाडीचा व श्वासनलिकेचा वेध झाल्याची चिन्हे त्यांनी केवळ डोळ्यांनी व कानांनी टिपली. ही लक्षणे आजही तितकीच खरी आहेत. परंतु द्विरर्बुदाचे असाध्यत्व सांगताना त्यांच्यासमोर डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी दोन अर्बुदे होती. सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेला चार मिलिमीटरचा ठिपका त्यांच्या व्याख्येत ओढणे हा संहितेवर अन्याय आहे. त्याच सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात अर्बुद निःशेष काढावे, शेष राहिलेले अर्बुद पुन्हा लवकर उद्भवते, असे बजावले आहे. संपूर्ण थायरॉईड काढण्यास घाबरणाऱ्या रुग्णास हे वचन समजावून सांगावे.

औषधयोजना व औषधालयचालकांसाठी

गलगंड म्हटले की कांचनार गुग्गुळ, ही सवय आपल्या सर्वांना आहे. मिश्र कर्करोगात त्याने आयुर्मर्यादा वाढते असा पुरावा नाही. शस्त्रकर्माच्या जागी तर तो देऊच नये. गुग्गुळातील घटक यकृतातील औषध पचविणाऱ्या विकरांना उत्तेजन देतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे, आणि मेड्युलरीसाठी वापरली जाणारी वँडेटॅनिब, सेल्परकॅटिनिब ही औषधे त्याच विकरांच्या मार्गाने जातात. ती चालू असताना गुग्गुळकल्प उपचार करणाऱ्या तज्ज्ञास विचारल्याशिवाय देऊ नयेत. अश्वगंधेने थायरॉईड संप्रेरके वाढू शकतात. टीएसएच मोजून मापून दाबलेल्या रुग्णात तीही टाळावी. अग्निमांद्य, निद्रानाश, शस्त्रकर्मानंतरचे दौर्बल्य, मलावष्टंभ यांत मात्र आपले काम मोठे आहे आणि ते निःसंकोच करावे.

थायरॉक्सिनची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घेणाऱ्या रुग्णास शंख, शौक्तिक, प्रवाळ, गोदंती अशी सुधायुक्त भस्मे किंवा लोह, मंडूर यांचे कल्प त्याच वेळी देऊ नयेत. शोषण घटते आणि टीएसएच विनाकारण वाढते. किमान चार तासांचे अंतर ठेवावे. शस्त्रकर्मानंतर बोटांना मुंग्या, हातपाय आखडणे ही लक्षणे वातव्याधी समजून तेल चोळण्याआधी रक्तातील कॅल्शियम पाहावे. किरणोत्सारी आयोडीनपूर्वी एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, मासळी, दूध व अंडी कमी करण्यास सांगतात. त्या काळात सामुद्र लवण असलेले लवणभास्करासारखे चूर्णही थांबवावे.

कर्करोग व गलगंड ही दोन्ही नावे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. दुकानाच्या फलकावर, पत्रकावर वा पिशवीवर या रोगांवरील औषधाची जाहिरात करणे गुन्हा ठरतो. गल्ल्यावर बसणाऱ्या नोकरालाही हे सांगून ठेवावे. केस व नखे यांसाठी विकल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांबाबतही त्यास सूचना द्यावी. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरोग्लोब्युलिन खोटे कमी दिसते आणि टीएसएचही चुकते. थायरॉईडचे शस्त्रकर्म झालेल्या गिऱ्हाईकाने अशी गोळी मागितली तर रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस ती बंद ठेवण्यास सांगावे, आणि प्रयोगशाळेत तसे कळविण्यास सांगावे.